शिट्टीनंतरचा मासा

पंचाने शिट्टी वाजवली आणि लूर्देशचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला. मैदानात लहान मुली फुटबॉल खेळत होत्या, ती कुंपणाबाहेरच्या फुटपाथवरून चालली होती, खांद्याला पावाची पिशवी होती, डोक्यात सकाळपासूनचं तेच ते भांडण चालू होतं; आणि तरीही हात गेला. बोटं जीन्सच्या खिशात शिरली, गार, ओलं, निसरडं असं जे तिथे असायला हवं होतं ते शोधू लागली आणि किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटली. ती जागच्या जागी थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने तिला कशीबशी चुकवली आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, ‘‘ताई, झोप झाली की चाला.’’ तिकडे मुली ओरडत होत्या, पंच हाताने कसली तरी खूण करत होता, एक आई प्लास्टिकच्या डब्यातून संत्र्याच्या फोडी वाटत होती. लूर्देशला एकदम इतका राग आला की कानांच्या पाळ्या तापल्या. पंचावर नव्हे, मुलींवर तर नाहीच. तो राग हाताचा होता. इतकी वर्षं आपण एका डॉल्फिनला शिकवतोय असं ती समजत होती. शिट्टी वाजली की मासा. आणि शिकला होता हा हात. कोणीही, कुठेही, कशासाठीही वाजवलं तरी उठणारा.

लूर्देश काम करते त्या नौदलाच्या तळावर नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. डॉल्फिनने काम बरोबर केलं त्या क्षणी शिट्टी वाजवायची, कारण मासा तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्राणी आणखी दोन-चार गोष्टी करून बसतो. नेमकं कशाबद्दल मिळालं ते त्याला कळायला हवं. शिट्टी हे वचन असतं, मासा ही फक्त त्याची पूर्तता. म्हणून वाजली की दिलाच पाहिजे. चुकून वाजली तरी. शिंक येऊन वाजली तरी. पहिल्याच आठवड्यात लूर्देश ओल्या फळीवरून घसरली होती आणि दातांत धरलेली शिट्टी पडता पडता वाजली होती. गुडघ्याची सालटी निघाली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मुख्य प्रशिक्षक ड्वेन कीलर धक्क्यावरून तिच्याकडे धावत येता येता ओरडत होता, ‘‘आधी मासा! गुडघा नंतर!’’ पाण्यात ओपल ही डॉल्फिन तोंड उघडून थांबली होती. लूर्देशने रडत रडत तिला हेरिंग मासा दिला होता. त्या दिवशी तिला ही माणसं आवडली होती. जिथे एका प्राण्याला दिलेला शब्द माणसाच्या गुडघ्याच्या आधी येतो, तिथे काम करायला तिला अभिमान वाटला होता. हे आठवलं आणि राग आणखी एक पायरी वर चढला.

सकाळी तोच कीलर कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला होता, ‘‘उद्या ओपल निघतेय.’’

‘‘निघतेय म्हणजे? सहलीला?’’

‘‘लू, सुरू करू नकोस. सुरुंग शोधायला यंत्रं आलीत. पाण्यात सोडायची, वर काढायची, बॅटरी बदलायची. त्यांना हेरिंग लागत नाही आणि ती म्हातारी होत नाहीत.’’

‘‘म्हाताऱ्या इथेच राहतात. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्हीच सांगता. शेवटपर्यंत सांभाळतो म्हणता.’’

‘‘वरून आलंय. चांगली जागा आहे. तलाव मोठा आहे, सावली आहे.’’

‘‘हॉटेलच्या मागे.’’

‘‘हॉटेलच्या मागे,’’ कीलरने मान्य केलं.

‘‘वाळवंटात.’’

‘‘अगं, लोकांना आवडतात डॉल्फिन. चार पोरं तिला हात लावतील, फोटो काढतील. सुरुंग शोधण्यापेक्षा बरं नाही का?’’ मग त्याने कपात बघितलं आणि खरं काम सांगितलं. उद्या सकाळी लूर्देशने ओपलला पाण्याकाठच्या चटईवर घ्यायचं. विमानाचा प्रवास लांबचा आहे, भरल्या पोटी झोळीत पडून राहणं त्या वयाच्या शरीराला झेपणार नाही, म्हणून डॉक्टर अबादनी तिला आज संध्याकाळपासून उपाशी ठेवायला सांगितलंय. चटईवर आली की चौघं मिळून झोळी खाली सरकवतील, झोळी पेटीत, पेटी ट्रकमध्ये.

‘‘आणि शिट्टी?’’

‘‘वाजव. नेहमीसारखी. नाही वाजवलीस तर तिला शंका येईल.’’

‘‘मासा नाही, आणि शिट्टी वाजव.’’

‘‘एकदा, लू. एकदाच.’’ आणि मग, जणू हे तिच्या समाधानासाठी, ‘‘जाळं लावायचं नाहीये आपल्याला. इथे कधी कोणावर जबरदस्ती झालेली नाही. ती स्वेच्छेने येईल.’’

स्वेच्छेने. चढ चढताना लूर्देशने तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि कुंपणाआडून एक कुत्रा भुंकला. तळावर हा शब्द रोज ऐकू येतो. डॉल्फिन स्वेच्छेने चटईवर येतात, स्वेच्छेने रक्त काढू देतात, स्वेच्छेने उघड्या समुद्रात बोटीच्या बाजूने पोहतात आणि स्वेच्छेने परत येतात. खोटं काहीच नाही, हाच त्यातला घाणेरडा भाग. ओपल खरोखरच परत येते. बोटीच्या पुढच्या बाजूला एक गोल फळी असते, मागच्या बाजूला दुसरी. समुद्राच्या तळाशी सुरुंग आहे असं वाटलं तर तिने पुढच्या फळीला तोंड लावायचं, नसला तर मागच्या. ‘नाही’लाही ‘आहे’इतकाच मासा मिळतो, नाहीतर ती मासे मिळवायला ‘आहे, आहे’ म्हणत सुटेल. लूर्देश विज्ञान शिकून इथे आली होती आणि या गोष्टीवर ती खूश झाली होती: माणसांच्या कुठल्याही कचेरीत ‘नाही’ म्हणायला इतकं मोकळं नसतं. लढाईच्या वर्षी ओपलला आखातातल्या एका बंदरात नेलं होतं. गढूळ पाण्यात तिने दिवसेंदिवस खरं सांगितलं आणि तिच्या सांगण्यावर जहाजं आत गेली. लढाई चालू आहे हे तिला सोडून तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सुरुंग माहीत नाही, शत्रू माहीत नाही, देश माहीत नाही. तिला फळी माहीत आहे. शहरात कुठे ओळख झाली की लोक डोळे मोठे करून विचारतात, ‘‘त्यांच्या अंगाला बॉम्ब बांधता ना तुम्ही?’’ ती हसून म्हणते, नाही हो, त्या अफवा. आज तिला त्या अफवांमधली माणसं जास्त प्रामाणिक वाटली. बॉम्ब बांधणारा निदान ‘स्वेच्छेने’ म्हणत नसणार.

आणि पुढे काय होणार हे तिला तोंडपाठ होतं, शाप असावा तसं. शिट्टीनंतर मासा आला नाही तर प्राणी ते काम लगेच सोडून देत नाही. आधी तो तेच काम जास्त करतो, जास्त जोराने, जास्त वेळा. बटण दाबूनही दिवा लागला नाही की माणूस जसं ते कचाकचा दाबतो तसं. मग बऱ्याच काळाने, हळूहळू, ती सवय विझते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तिने हे कबुतरांवर मोजलं होतं, आलेख काढला होता, आधी उंच उभा सुळका आणि मग लांबलचक उतार. आता तो सुळका तिला हॉटेलच्या निळ्या फरशीच्या तलावात दिसत होता: म्हातारी ओपल काठावर स्वतःला झोकून देतेय, तोंड उघडतेय, घसरून पाण्यात जातेय, पुन्हा झोकून देतेय, आणि टोप्या घातलेली माणसं टाळ्या वाजवताहेत.

तिचे आजोबा, तिचे वोवो, एव्हारिश्टू टेकडीवरच्या घरात एकटेच राहतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदर दिसतं. पूर्वी तिथे पोर्तुगीजांच्या ट्यूनाच्या बोटी रांगेने उभ्या असायच्या, आता पांढऱ्या शिडांच्या नौका असतात, आणि त्यांच्याकडे बघून शिव्या देणं हा आजोबांचा संध्याकाळचा व्यायाम आहे. तिने पाव टेबलावर ठेवला. त्यांनी तिच्याकडे न बघताच पावाचे जाड तुकडे केले, खोल ताटलीत मांडले, वर पुदिन्याची काडी ठेवली आणि मांसाचा उकळता रस्सा ओतला.

‘‘बस. तोंड का असं? कोणी चावलं?’’

‘‘ओपलला पाठवताहेत, वोवो.’’

‘‘कुठे? पुन्हा लढाईवर?’’

‘‘हॉटेलात.’’

ते खोकला येईपर्यंत हसले. ‘‘काय नशीब काढलंन! मी जन्मात एकदा हॉटेलात राहिलो, तेही बोटीचं इंजिन बंद पडलं म्हणून.’’ मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘आम्हाला खुनी म्हणायचे. आठवतंय? नाही, तू कुठली होतीस तेव्हा. तुझ्या आईच्या शाळेच्या दारात बाया फलक धरून उभ्या राहायच्या. डॉल्फिनचे मारेकरी म्हणे. बरोबरच होतं, मारायचोच आम्ही. पण आम्ही त्यांना नोकरीला ठेवून मग हाकलत नव्हतो.’’

‘‘नोकरी नाही ती.’’

‘‘मग काय? पगार माशांत. वरिष्ठाची शिट्टी. म्हातारपणी बदली. नोकरीच की.’’

तिला हसू आलं असतं एरवी. ती म्हणाली, ‘‘उद्या शिट्टी मी वाजवायची आहे. मासा द्यायचा नाही.’’ आणि तिने सगळं सांगितलं, चटई, झोळी, स्वेच्छेने. आजोबांनी खिडकीतून बंदराकडे बघितलं. मग ते बोलू लागले ते जाळ्याबद्दल. लहानपणापासून तिने या गोष्टीचे तुकडे ऐकले होते, पूर्ण कधीच नाही. खोल समुद्रात ट्यूना डॉल्फिनच्या खालून चालतो, म्हणून डॉल्फिनच्या कळपाभोवतीच जाळं टाकायचं, तळ आवळायचा, आणि मग बोट उलटी मागे घ्यायची. लांबच्या टोकाला जाळ्याची तरंगती कड पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन वरून सटकतात. तरणी पोरं पाण्यात उड्या मारून त्यांना हातांनी ढकलून पलीकडे काढत. एव्हारिश्टू त्यांतले एक. ‘‘पहिल्यांदा अडकलेले वेड्यासारखे करायचे. पण जे आधी एकदा सुटलेले असायचे ना, ते शिकलेले असायचे. ते सरळ त्या टोकाला जाऊन उभे राहायचे. उभेच, शेपट्या खाली, डोकी वर. चर्चच्या दारात माणसं थांबतात तसे. त्यांना माहीत होतं, आता हे बोट मागे घेतील.’’ त्यांनी पावाचा तुकडा रस्स्यात दाबून धरला. ‘‘एकदा प्रवाहाने जाळं दुमडलं. उजेड जात होता. आम्ही कप्तानाला ओरडून सांगतोय, अजून मागे घे, अजून घे. तो म्हणाला, ट्यूना जाईल. छप्पर पडावं तसं जाळं त्यांच्यावर आलं. आणि पोरी, एकही तडफडला नाही. आमच्याकडे बघत थांबले. तडफडले असते, जाळं फाडलं असतं, मला चावले असते, तर मी ते केव्हाच विसरलो असतो. थांबले हरामखोर. आमच्यावर विश्वास ठेवून थांबले.’’ त्यांचा आवाज चढला होता. कप्तानाला मरून किती वर्षं झाली तरी तो समोर बसला असावा तसा. ‘‘जनावराने इतकंही शिकू नये.’’

लूर्देशचा रस्सा निवला होता. ‘‘मी वाजवणार नाही,’’ ती म्हणाली.

‘‘नको वाजवूस. दुसरा वाजवेल. शिट्टी कोणाच्याही तोंडात मावते.’’

सकाळ करडी होती, समुद्रावरून आलेलं धुकं धक्क्यावर बसलं होतं. लाकडी फळ्यांच्या तरंगत्या चौकटी, प्रत्येक चौकटीखाली जाळी, जाळीच्या आत डॉल्फिन. आणि फळ्यांवर सुस्तावून पडलेले, भुंकणारे समुद्रसिंह. ट्रक मागच्या बाजूने लावला होता, पेटीत बर्फ टाकलेलं पाणी होतं. डॉक्टर अबाद, पशुवैद्य, ठेंगणी फिलिपिनो बाई, स्टेथोस्कोप गळ्यात टाकून वाफा निघणारा चहा पीत होत्या. चौघं पोरं झोळी हातात घेऊन उभी होती आणि एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. लूर्देश शेजारच्या चौकटीतल्या दोघांची न्याहारी घेऊन आली, कारण त्यांना कुठे जायचं नव्हतं आणि त्यांना भूक लागली होती. बादली तिने फळीवर ठेवली. तिच्या मनात काही योजना होती असं तिला नंतरही म्हणता आलं नसतं. मनात फक्त राग होता, आणि तो शरीरभर इतका सारखा पसरला होता की तिला स्वतःला खूप शांत वाटत होतं.

‘‘मी वाजवत नाही,’’ ती कीलरला म्हणाली.

‘‘कळलं होतं मला. मी वाजवतो. तू फक्त चटईपाशी उभी राहा.’’

‘‘का?’’

‘‘तू दिसलीस की ती येते. नाही दिसलीस तर घुटमळेल, मग जाळं लावावं लागेल, तिचं हृदय बघ आणि वय बघ. हवंय तुला ते? तूच ठरव.’’

म्हणजे तिच्या उभं राहण्याचीसुद्धा शिट्टी केली होती त्यांनी. ती उभी राहिली. जाळ्यात म्हातारी ओपल गुरफटतेय हे चित्र तिला सहन होईना आणि ते सहन होणार नाही हे कीलरला माहीत होतं. तिलाही तोच शिकवत आला होता. ओपलने पाण्यातून डोकं वर काढलं, एक डोळा लूर्देशवर लावला. कीलरने हाताने खूण केली. ओपल एक वळसा घेऊन आली आणि चटईवर सरकली, जड, चकचकीत, पाठीवर जुने ओरखडे, एका दमात सबंध अंग पाण्याबाहेर. आपलं सगळं वजन तिने माणसांच्या जगात आणून ठेवलं. शिट्टी वाजली. स्वच्छ, उंच, नेमक्या क्षणी. कीलर या कामात फार चांगला होता.

ओपलने तोंड उघडलं.

झोळीवाली पोरं पुढे सरकली. ओपल तोंड उघडून थांबली. डोकं वर, शेपूट खाली. तिच्या दातांची टोकं झिजून सपाट झाली होती. ती थांबली होती, आणि लूर्देशचा हात कमरेकडे गेला, तिथे माशांची पिशवी नव्हती, मग तो बादलीकडे गेला. पहिला हेरिंग तिने दिला तेव्हा कोणाला कळलंही नाही. बादलीतून मासा देणारी बाई इथे कोणाच्या नजरेत भरत नाही. मग दुसरा, मग मूठभर, मग तिने बादलीच उचलली आणि ती दोन्ही हातांनी त्या उघड्या तोंडात मासे घालू लागली, बांगडे, हेरिंग, बर्फाचे खडे, सगळं, आणि ओपल गिळत होती, गिळत होती.

‘‘थांबा!’’ डॉक्टर अबादचा चहा सांडला. ‘‘अगं बाई, काय करतेस! किती खाल्लं तिने?’’

‘‘सगळं.’’

अबादनी रिकाम्या बादलीत वाकून बघितलं, ओपलच्या पोटावरून हात फिरवला आणि कीलरकडे वळून म्हणाल्या, ‘‘आज ही कुठे जात नाही. एवढ्या पोटाने मी हिला विमानात घालू देणार नाही. घालायचीच असेल तर दुसरा डॉक्टर शोधा.’’

‘‘बाजूला व्हा,’’ कीलर पोरांना म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘लू, तू काय केलंस कळतंय तुला?’’

‘‘शिट्टी वाजली होती.’’ तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. ‘‘आधी मासा. गुडघा नंतर.’’

त्याला आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला. ‘‘विमान उद्या परत येईल. उद्या तू या दारातून आत येणार नाहीस. काय मिळवलंस? एक दिवस?’’

‘‘हो. एक दिवस.’’ एका दिवसात अबाद काही लिहू शकतील, कोणी वर कोणाला फोन करू शकेल, काहीही होऊ शकतं. आणि काही झालं नाही तरी आज शिट्टी खोटी ठरली नव्हती. तिने ओपलची कूस थोपटून परत जाण्याची खूण केली. ओपल मागे सरकली, पाण्यात गेली. पोरांनी झोळी गुंडाळायला घेतली. अंगातला राग पहिल्यांदाच जरा सैल होतोय असं लूर्देशला वाटलं. तिने मान वर केली, धुक्यात कुठेतरी ऊन होतं.

पाणी फुटल्याचा आवाज झाला. ओपल चटईवर होती.

कोणी खूण केली नव्हती. कोणी शिट्टी वाजवली नव्हती. तिने तोंड उघडलं आणि ती लूर्देशकडे बघू लागली. अबाद वळून बघू लागल्या. कीलरही बघत राहिला. तो हसला नाही, त्याने फक्त हळूच श्वास सोडला, आणि त्या श्वासात लूर्देशला सगळं ऐकू आलं. रात्रभर उपाशी असलेला प्राणी, नेहमीचंच एक काम, आणि त्या कामाबद्दल एकदम आख्खी बादली. याहून पक्का धडा कुठल्याच पुस्तकात नाही. इतक्या वर्षांत ओपलला चटईवर येणं इतकं चांगलं कोणी शिकवलं नव्हतं. उद्या कोणी उभं राहायची गरज नव्हती. उद्या कोणीही चटई टाकली की पुरे.

लूर्देशने दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. संपलं, असं सांगायची इथली ही खूण. बादली रिकामी झाली की रोज करायची, ती बघून डॉल्फिन निघून जातात. ओपलने तळव्यांकडे बघितलं. तोंड उघडंच ठेवलं.

‘‘जा,’’ लूर्देश म्हणाली. ‘‘जा ना.’’

ओपल थांबली होती. डोकं वर, शेपूट खाली.

मग लूर्देश चटईवर गुडघ्यांवर बसली, तिने दोन्ही हात त्या गार, ओल्या, निसरड्या कुशीला लावले आणि सगळ्या ताकदीने तिला ढकललं. मागून कोणीतरी ‘‘ए!’’ म्हणून ओरडलं. या तळावर हे कधी कोणी केलं नव्हतं. ओपलचं जड अंग वाकडंतिकडं घसरलं, चटईच्या कडेवर आपटलं आणि पाण्यात गेलं. ‘‘जा!’’ लूर्देश किंचाळली, तळव्याने पाण्यावर फटके मारू लागली, ‘‘जा, चाव मला, जा!’’ पाण्याखाली करडी आकृती चौकटीच्या टोकापर्यंत गेली, जाळीपाशी वळली, आणि लूर्देशला दिसलं की ती वेग घेतेय.

ती पुन्हा आली. आधीपेक्षा जोरात.